दोष पट्टीचा की खाचेचा

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. आम्ही घरी जोडलेला संगणक खेळ ऐन रंगात आला की का कोलमडत असे, आणि दोष नेमका कोठे होता? प्रश्न यंत्राचा आहे आणि उत्तरही यंत्राचेच आहे. परंतु ते सापडेपर्यंत आमच्या घरात आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका घरात जे घडले, ते वगळून नुसते उत्तर सांगितले तर ते अपुरे राहील. म्हणून दोन्ही सांगते, आणि क्रमाने सांगते.

आम्ही तेव्हा न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला राहत होतो. घर लाकडी, जुने आणि थंड. सकाळी खिडक्यांच्या काचांवर आतल्या बाजूने पाणी साचलेले असे आणि आई ते जुन्या टॉवेलने टिपून काढी. कुंपणाच्या फळ्या वाऱ्याने दिवसभर खडखडत, आत खोली गरम करणाऱ्या हीट पंपाची घरघर चाले, आणि या दोन आवाजांच्या मध्ये कुकरची शिट्टी झाली की घर खऱ्या अर्थाने जागे झाले असे वाटे. बाबा एका संशोधन संस्थेत संगणकांची देखभाल करीत. आई इस्पितळात औषधे देण्याच्या विभागात होती. आईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि त्या वर्षी आमच्याकडे लांबच्या मुक्कामाला आले होते. ते कानात यंत्र घालीत. मी मोठ्याने बोलले की म्हणत, “ओरडू नकोस मुक्ते, स्पष्ट बोल.” या दोहोंतला फरक मला त्यांच्यामुळे कळला, आणि तो मी आजही वर्गात पहिल्याच दिवशी सांगते.

शरद ऋतूत आमच्याकडे फिजोआ येत. ही हिरवी, पेरूसारख्या वासाची फळे तिकडे घरोघरी परसात पिकतात. खाणाऱ्यांपेक्षा फळे जास्त असल्यामुळे जो तो ती शेजाऱ्यांच्या गळ्यात मारतो. आम्हाला ती मेरेच्या घरून येत. मेरे माझ्या वर्गातली, आमच्याच रस्त्यावर राहणारी मैत्रीण; घरात तिची आजी, जिला सगळे नॅन म्हणत, आणि मोठा भाऊ रावीरी. आइस्क्रीमचा एक मोठा डबा आमच्या दोन घरांमध्ये ये-जा करी. तिकडून फिजोआ, इकडून चिवडा किंवा शंकरपाळे. डबा मूळचा कोणाचा, हे कोणालाच आठवत नव्हते. एकदा मेरे म्हणाली, “नॅन सांगते, रिकामा डबा घेऊन कोणाच्या दारात जायचं नाही.” आई हसली. “तुझी नॅन मूळची आमच्याकडची दिसते.” आई फिजोआची कोशिंबीर करी आणि आजोबा ती चवीने खात, मात्र प्रत्येक वेळी म्हणत, “पेरू तो पेरूच. हा त्याचा परदेशात शिकायला गेलेला चुलतभाऊ.”

त्याच डब्यातून एके दिवशी फिजोआंच्या वर, चकचकीत पिशवीत गुंडाळलेल्या, मेमरीच्या दोन पट्ट्या आल्या. रावीरी विजेच्या कामाची उमेदवारी करीत होता आणि खेळांसाठी त्याने स्वतः जोडलेला संगणक होता. त्यात त्याने मोठ्या पट्ट्या घातल्या आणि निघालेल्या दोन्ही मला पाठवल्या, कारण मी माझा संगणक जोडायला घेतला आहे हे मेरेने त्याला सांगितले होते. बाकीचे भाग बाबांनी नवे आणले होते. ज्यांनी हे काम केलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. संगणकाच्या पेटीत एक मोठा फलक असतो, त्याला मदरबोर्ड म्हणतात. त्यावर लांबट, अरुंद खाचा असतात. मेमरीची पट्टी त्या खाचेत उभी दाबून बसवायची. पट्टीच्या काठावर सोनेरी दाते असतात. खाचेतही तशाच बारीक तारा असतात. दाता आणि तार यांची गाठ पडली की काम चालते. एखादी जरी गाठ सैल राहिली, तरी यंत्र काही काळ चालेल आणि मग, ज्या क्षणी त्याच जागेची गरज पडेल त्या क्षणी, कोसळेल. आमचा संगणक मी, मेरे आणि बाबांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून जोडला. तो सुरू झाला तेव्हा आईने त्याच्यापुढे साखर ठेवली आणि मेरेने ती खाऊन टाकली.

मग तो कोसळू लागला. पहिल्यांदा कोसळला तेव्हा मी आणि मेरे शेजारी बसून खेळत होतो. चित्र गोठले, आवाज एकाच सुरावर अडकून घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघरला, आणि सारा पडदा निळा झाला. बाबा स्वयंपाकघरातून हात पुसत आले. त्यांनी पेटी उघडली, पट्ट्या काढल्या, आणि माझ्या कंपासपेटीतले पांढरे खोडरबर घेऊन तिथेच पेटीवर वाकून सोनेरी दाते घासले. हा इलाज मी न्यूझीलंडमध्ये इतर कोणाला करताना पाहिला नाही. पुण्यामुंबईत ज्यांनी जुन्या काळी संगणक दुरुस्त केले, त्यांच्या बोटांत मात्र तो भिनलेला असतो. पट्ट्या परत बसवल्या, कळ दाबली, आणि संगणक चालू झाला.

“पाहिलंस? दात्यांवर मळ बसतो,” बाबा म्हणाले. “कॉलेजच्या लॅबमध्ये मी असे कितीतरी मेलेले उठवलेत.”

“मग आमच्या हॉस्पिटलातच ये नोकरीला,” आई आतून म्हणाली.

काही दिवसांनी तो पुन्हा कोसळला. बाबांनी पुन्हा घासले, या वेळी जरा जोरात, आणि पुन्हा तो चालला. नंतर मधले दिवस कमी होत गेले. त्या काळातली माझी अवस्था मला अजून आठवते. मी खेळत नसे. मी वाट पाहत असे. पंख्याचा सूर किंचित बदलला तरी माझा हात थांबे. बाहेर फळी वाजली तरी मला वाटे, झाले. मेरेला मी काहीबाही कारणे सांगून लवकर खेळ संपवी, कारण पट्ट्या तिच्या घरच्या होत्या आणि निळा पडदा तिच्यासमोर यावा असे मला वाटत नव्हते.

तो तिच्यासमोरच आला. बाबा रबर घेऊन आले, पेटी उघडता उघडता कंटाळून इंग्रजीत म्हणाले, “जुना माल. वापरून संपलेला. म्हणूनच त्यानं काढून टाकला असणार.” ते मेरेला उद्देशून बोलले नव्हते, पण ती तिथेच होती आणि भाषा तिला समजणारी होती. ती उठली. “मला जायला हवं,” इतकेच म्हणाली. दारात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातल्या आणि गेली. डबा आमच्या ओट्यावर तसाच राहिला, धुतलेला आणि रिकामा; त्यात काही भरायचे आईलाही सुचले नाही.

त्या रविवारी नॅनने आम्हाला जेवायला बोलावलेले होते. बाबांनी जाहीर केले, “तेव्हा पट्ट्या परत देऊन टाकू. अगदी सभ्यपणे. आपण नव्या घेऊ. उगाच उपकार नकोत कोणाचे.” बाबांना यात आपण कोणाला दुखावतो आहोत असे वाटत नव्हते. पण कोणी आपुलकीने दिलेली वस्तू सदोष म्हणून त्यांच्याच पानावर बसून परत करायची, ही कल्पना मला सहन होईना. शाळेत मेरे दुसऱ्या बाकावर बसू लागली होती. मी विचारले तर “नो वरीज,” म्हणे, आणि पुस्तकात बघे. पट्ट्या खरोखर खराब असतील तर बाबा बरोबर होते. नसतील तर रविवारच्या आत ते सिद्ध व्हायला हवे होते. आठवडा निम्मा सरला होता.

आजोबा त्या संध्याकाळी टेबलाशी बसून मटार सोलत होते. मी समोर बसले. त्यांनी न बघताच विचारले, “मुक्ते, तुझे बाबा पट्टी काढतात, घासतात आणि परत बसवतात. किती गोष्टी झाल्या?”

“तीन.”

“गुण कशानं येतो?”

“घासण्यानं.”

“कशावरून?”

आजोबांनी एक शेंग माझ्याकडे सरकवली. “मला तुमच्या यंत्रातलं काही कळत नाही. पण मुलगा तापाचं औषध घेतो आणि रात्रभर झोपतोही. सकाळी ताप उतरला तर औषधानं की झोपेनं?”

“हे तुम्ही बाबांना का सांगत नाही?”

“मी?” आजोबांनी दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला, कानात यंत्र असलेल्या माणसाचा आवाज जितका खाली येतो तितका. “जयंतराव माझे जावई आहेत. त्यांच्या घरी बसून, त्यांचं मीठ खाऊन, त्यांच्या हातातलं रबर मी काढून घेऊ? सासऱ्यानं प्रश्न विचारला की तो अपमान होतो. मुलीनं विचारला की अभ्यास होतो. तू अभ्यास कर.”

मी बाबांना विचारले, “मी एकदा उघडून बघू?” बाबा म्हणाले, “बघ की. रबर ड्रॉवरमध्ये आहे.”

पुढच्या वेळी संगणक कोसळला तेव्हा मी वीज बंद केली, वायर काढली, पट्ट्या बाहेर घेतल्या, आणि रबराला हात न लावता तशाच परत बसवल्या. तो चालला. बाबांनी घासल्यावर जसा चाले, अगदी तसाच चालला, आणि काही वेळाने तसाच कोसळला. म्हणजे घासण्याचा गुण सिद्ध नव्हता. सिद्ध होते ते इतकेच की काढून परत बसवल्यावर तात्पुरता फरक पडतो. आजोबांना सांगितले. ते म्हणाले, “छान. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काय काय बदलता येतं?” बदलण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या: पट्टी आणि खाच.

शनिवारी सकाळी आई-बाबा भाजी आणायला बाजारात गेले आणि मी परीक्षा सुरू केली. मेमरी तपासणारा एक प्रोग्राम असतो. तो पट्टीतल्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि परत वाचतो. लिहिलेले आणि वाचलेले जुळले नाही तर लाल ओळ उमटते. दोन पट्ट्यांपैकी एकीला मी आईच्या शिवणाच्या डब्यातला पिवळा दोरा बांधला, म्हणजे त्या ओळखता येतील. दोन खाचा वापरात होत्या, त्यांना आपण डावी आणि उजवी म्हणू. आधी पिवळी पट्टी एकटीच डाव्या खाचेत घातली. तपासणी सावकाश चालते. पडद्यावर आकडे सरकत होते आणि मी हात मांडीखाली दाबून बसले होते. लाल काही आले नाही. मग दुसरी पट्टी, त्याच डाव्या खाचेत. लाल काही नाही. दोन्ही पट्ट्या निर्दोष, असे म्हणायला मी वळले, तर आजोबा म्हणाले, “थांब. दोन पट्ट्या, दोन खाचा, म्हणजे चार गाठी आहेत. तू दोनच सोडवल्यास.” मग पिवळी पट्टी उजव्या खाचेत. थोडा वेळ काही झाले नाही, आणि मग लाल ओळ आली. तिच्याखाली दुसरी आली, आणि मग एकीखाली एक भराभर. मला भीती वाटली ती तेव्हाच. कारण अजून एक गाठ बाकी होती. दुसरी पट्टी उजव्या खाचेत नीट चालली, तर पिवळीवरचा संशय उरणारच होता. मला नुसते उत्तर नको होते, एक विशिष्ट उत्तर हवे होते. शोधणाऱ्याने कशाला भ्यायचे असेल तर या इच्छेला भ्यावे, असे मी आता मुलांना सांगते. दुसरी पट्टी घातली आणि पडद्याकडे पाठ केली.

“पाठ फिरवून परीक्षा होत नसते,” आजोबा म्हणाले. “बघ.”

लाल ओळी आल्या होत्या. दोष पट्टीबरोबर फिरत नव्हता; तो उजव्या खाचेत मुक्कामाला होता.

पट्टी काढून मी टॉर्च लावला. खाचेच्या तळाशी, तारांच्या मध्ये, करड्या-पांढऱ्या बारीक वळ्या होत्या. खोडरबराचा चुरा. बाबा पेटीवर वाकून घासत, आणि चुरा बरोबर त्यांच्या हाताखालच्या खाचेत पडे. पट्टी काढून बसवली की तो थोडा सरके, गाठ तात्पुरती जुळे, आणि इलाज लागू पडला असे वाटे. मात्र प्रत्येक इलाजाबरोबर चुरा वाढे. अगदी पहिल्या वेळी संगणक का कोसळला, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. जोडताना पट्टी शेवटपर्यंत दाबली गेली नसावी असे माझे अनुमान आहे, आणि अनुमान हे अनुमान म्हणूनच लिहायला हवे.

मी फुंकर मारायला ओणवी झाले तर आजोबांनी खांदा धरला. “एक तर फुंकरीतून ओल जाते. आणि साफ आत्ता करू नकोस. आधी दाखव. पुरावा पुसून मग साक्ष द्यायची नसते.”

बाबा आले तेव्हा त्यांच्या हातात पालेभाजीची पिशवी होती. मी चारही गाठी सांगितल्या आणि टॉर्च पुढे केला. त्यांनी बराच वेळ खाचेत पाहिले. “पुन्हा कर,” ते म्हणाले. मी पिवळी पट्टी उजवीकडे घातली. लाल ओळी आल्या. डावीकडे घातली, आल्या नाहीत. आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करीत होते. बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली. “मी रावीरीला सकाळीच फोन केला,” ते म्हणाले. “बाजारातून. म्हटलं, उद्या जेवणाच्या वेळी विषय नको. त्याला सांगितलं की पट्ट्या खराब निघाल्या.”

“जयंत!” आई म्हणाली.

बाबा किल्ली उचलून निघालेच होते, तेवढ्यात दारावर टकटक झाली. रावीरी होता. पायरीवर बूट काढून तो आत आला, आणि त्याच्या हातात दोन पट्ट्या होत्या, मोठ्या आणि नव्या. “सॉरी, अंकल,” तो म्हणाला. “त्या काढल्या तेव्हा चांगल्या होत्या, खरंच. मला माहीत असतं तर दिल्या नसत्या. या माझ्या मशीनमधल्या आहेत. या घ्या. नॅन म्हणाली, तुम्ही उद्या यायच्या आधी हे मिटव.” त्याच्यामागे पायरीवर मेरे उभी होती. ती आत आली नाही.

मी आजवर अनेकांना चूक कबूल करताना पाहिले आहे. बहुतेकजण आधी खुर्ची शोधतात. बाबा उभेच राहिले. “रावीरी, तुझ्या पट्ट्यांत काही दोष नाही. दोष माझा आहे. मी त्या रबरानं घासत होतो.”

“रबरानं? म्हणजे, शाळेतल्या?”

“पुण्यात सगळे करतात.”

“हीप्स ऑफ रबर? ढीगभर?”

“बरंच,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी त्याला टॉर्च दिला.

पायरीवरून मेरेचा आवाज आला. “हे मुक्ता म्हणते, की टेस्ट म्हणते?”

“टेस्ट,” मी म्हणाले.

“मग मला दाखव.”

ती आत आली आणि माझ्या खुर्चीवर बसली. मी सांगू लागले तर म्हणाली, “तू हात लावू नकोस.” चारही गाठी तिने स्वतःच्या हाताने पहिल्यापासून केल्या, प्रत्येक वेळी वीज बंद करून, वायर काढून. आईने चहा ठेवला तो उकळून उकळून काळा झाला. लाल ओळी आल्या त्या उजव्या खाचेतच आल्या. तरी रावीरीचा चेहरा सैल पडला नाही. आपणच दिलेल्या वस्तूवर एकदा संशय बसला की तो चार ओळींनी जात नसावा. तेव्हा बाबा पुढे झाले. “आता आणल्यास त्या पट्ट्या घाल,” त्यांनी रावीरीला सांगितले. “उजव्या खाचेत. त्या नीट चालल्या, तर मी अजून चुकीचा असेन आणि तुझ्या जुन्या पट्ट्यांत खोट असेल. बघूनच घेऊ.”

आजोबांनी कॅलेंडरवरून नजर काढली. रावीरीने स्वतःची नवी पट्टी उजव्या खाचेत दाबली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो, आणि पडदा कोरा होता. तो इतका वेळ कोरा राहिला की बाबांनी एक हात खुर्चीच्या पाठीवर टेकला. मग लाल ओळ आली.

“खाच माझी,” बाबा म्हणाले.

रावीरीने श्वास सोडला आणि हसला. “स्वीट अ‍ॅज,” म्हणजे एकदम झकास. आजोबांनी कानाचे यंत्र साफ करायचा बारीक ब्रश आणून दिला. रावीरीने पेटी कलती करून धरली, खाच उताणी न ठेवता खाली तोंड करून झाडली, आणि चुरा वर्तमानपत्रावर पडला. मग तपासणी सुरू झाली, आणि त्या दुपारी पुन्हा लाल ओळ दिसली नाही. त्याच जुन्या पट्ट्यांवर तो संगणक पुढे कितीतरी वर्षे चालला.

निघताना मेरे दारात थांबली. “उद्या या जेवायला,” ती म्हणाली. “पण नॅनला हे सगळं अंकलनी सांगायचं. मी नाही सांगणार.”

“मी सांगेन,” बाबा म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी, ताटे वाढण्याआधी, त्यांनी ते रबरासकट सांगितले.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर असे: दोष पट्टीत नव्हता, खाचेत होता, आणि तो आमच्या इलाजानेच तिथे पडला होता. मात्र हे मी लिहिले आहे म्हणून मानू नये. तुमच्याकडे असा संगणक असेल आणि तो कोसळत असेल, तर वीज बंद करा, पट्ट्या आणि खाचा एका वेळी एक अशा बदला, चारही गाठी सोडवा, आणि काय दिसते ते कृपया स्वतः तपासून पाहा.